मेपलची फळी आणि आपला पावसाळा

गेल्या काही महिन्यांत संपादकांच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत येऊ लागला आहे. सागवानाचा भाव सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर जात असताना आणि परदेशी लाकडाच्या फळ्या वखारींतून मिळू लागल्या असताना, सागवानाच्या जागी मेपल वापरण्यास हरकत कोणती, असा तो प्रश्न आहे. विचारणारे बहुतेक जण अनुभवी कारागीर आहेत. त्यांनी मेपलची ती साईच्या रंगाची गुळगुळीत फळी हातात घेतली आहे, तिच्यावर रंधा फिरवून पाहिला आहे आणि पहिल्या भेटीतच ते तिच्यावर लुब्ध झाले आहेत. त्यांच्या या मोहाला नावे ठेवण्याचा आमचा इरादा नाही, कारण आम्हीही त्याच वाटेने गेलो असून त्या वाटेवरचा खड्डा कोठे आहे हे आम्हांस स्वानुभवाने ठाऊक आहे. परंतु ‘याच्या जागी ते’ या भाषेत विचारलेला प्रश्न लाकडाच्या बाबतीत बहुधा मुळातच चुकतो. लाकूड म्हणजे काही गव्हाचे पोते नव्हे, की एका वखारीतले संपले तर दुसऱ्या वखारीतले उचलावे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण या व्यवहारातील निम्मी फसवणूक नावापाशीच होते. मेपल हे एका झाडाचे नाव नसून ‘एसर’ या प्रजातीचे नाव आहे आणि त्या प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत. ज्याला व्यापारी ‘हार्ड मेपल’ म्हणतात ते मुख्यतः एसर सॅकरम, म्हणजे शर्करा मेपल. अमेरिकेच्या ईशान्य भागात, पंचमहासरोवरांच्या भोवती आणि कॅनडाच्या ओंटारिओ-क्वेबेक प्रांतांत पंचवीस ते पस्तीस मीटर उंच वाढणारा हा वृक्ष. याच झाडाला वसंताच्या तोंडावर टोचे मारून रस काढतात आणि सुमारे ४० लिटर रस आटवून १ लिटर पाक करतात. अशा टोचलेल्या झाडाच्या बुंध्याची चिराई केली की फळीत भोकांभोवती गडद डागांचे पट्टे निघतात, हे खरेदीदाराने ध्यानी ठेवावे. तांबडा मेपल आणि रुपेरी मेपल या ‘सॉफ्ट’ म्हणविल्या जाणाऱ्या जाती निराळ्या, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचा थोर पानांचा मेपल आणखी निराळा. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतविण्यास किती पौंड भार लागतो यावरून काठिण्य ठरविण्याची जी जांका पद्धत आहे, तिच्यात शर्करा मेपल १४५०, तांबडा मेपल ९५० आणि रुपेरी मेपल अवघा ७०० भरतो. आपले सागवान हजाराच्या आसपास असते. तेव्हा बिलावर नुसते ‘मेपल’ लिहून दिलेला माल सागाहून दीडपट कठीण असू शकेल, तसाच सागाहून बराच मऊही असू शकेल.

ओळख पटविण्याचा एक जुना उपाय आपल्या कारागिरांना सहज साधण्यासारखा आहे. हिराकसाचे पाणी फळीच्या पांढऱ्या भागावर लावले असता शर्करा मेपलवर हिरवट छटा येते, तर तांबड्या मेपलवर निळसर काळी छटा उमटते. ज्या हिराकसाने आपल्या पूर्वजांनी शाई केली, तोच येथे साक्षीला उभा राहतो. नावाच्या घोळाचे आणखी एक उदाहरण म्हणजे ‘सिकॅमोर’ हा शब्द. इंग्लंडात तो एका मेपलला लावतात, अमेरिकेत मात्र तोच शब्द प्लॅटॅनस या सर्वस्वी भिन्न प्रजातीला लावतात. आणि काश्मीरचा चिनार, ज्याचे पान पाहून कित्येक प्रवासी त्याला मेपल समजून येतात, तो या प्लॅटॅनसचाच भाऊबंद. म्हणून सौदा करताना शास्त्रीय नाव बिलावर लिहून घेण्याचा शिरस्ता ठेवावा, हे आमचे पहिले सांगणे.

आता या लाकडाच्या घडणीकडे वळू. सागाच्या आडव्या छेदात वार्षिक वलयांच्या आरंभी मोठी रंध्रे रांगेने बसलेली असतात आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मेपलची रंध्रे बारीक असून वलयाच्या सर्व रुंदीत सारखी विखुरलेली असतात, आणि एका वर्षाची वाढ संपून दुसऱ्या वर्षाची सुरू होते तेथे एक पुसट तपकिरी रेघ तेवढी उमटते. या समरसतेमुळेच मेपलच्या पृष्ठाला ती घट्ट, विणल्यासारखी सफाई येते. दुसरा विशेष तर आपल्या कारागिराला उलट्या जगात आल्यासारखे वाटायला लावणारा आहे. सागाच्या ओंडक्यातील बाहेरचा पांढुरका भाग, ज्यास शास्त्रात रसकाष्ठ म्हणतात, तो आपण नाकारतो आणि आतल्या सोनेरी मध्यकाष्ठाचे पैसे मोजतो. मेपलच्या व्यापारात पांढऱ्या रसकाष्ठाला मान आणि तांबूस मध्यकाष्ठाला दुय्यम जागा, इतकी की उत्तर अमेरिकेत फळ्यांची प्रतवारी गाठींप्रमाणेच पांढरेपणावरूनही होते. तो पांढरेपणा टिकविण्यासाठी झाडे हिवाळ्यात तोडून, ओंडके उन्हे तापण्यापूर्वी चिरून, फळ्या त्वरेने वाळवाव्या लागतात. रचताना मध्ये ओले दांडके घातले तर त्यांच्या खुणा फळीच्या अंगात कायमच्या उतरतात. परंतु ज्या रसकाष्ठासाठी हा सगळा खटाटोप, त्यात बुरशीला आणि किडीला रोखणारी द्रव्ये नसतात. सागाच्या अंगी जे तेल आणि जे विष असते, त्याच्या जोरावर सागाचा दरवाजा पावसाच्या तोंडाला पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. मेपलजवळ तसले कवच नाही, आणि ओलाव्यात ठेवलेला मेपल सडतो किंवा वाळवीच्या मुखी पडतो, यात त्याचा अपराध काहीच नाही.

असे असूनही या लाकडाने जगात नाव कमावले ते कोठे, हे पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव उलगडतो. बास्केटबॉलच्या बंदिस्त क्रीडांगणांवर त्याची तक्तपोशी असते, कारण बुटांच्या घर्षणाने ते समान झिजते, त्याच्या चिरफळ्या उठत नाहीत. बोलिंगच्या ६० फूट लांबीच्या जुन्या लाकडी पट्ट्यांची रचना तर धड्यासारखी आहे: चेंडू जेथे आपटतो तो आरंभ आणि खुंट्या जेथे उभ्या राहतात तो शेवट, एवढे दोन भाग मेपलचे, आणि ज्यावरून चेंडू नुसता घरंगळत जातो तो मधला लांबलचक भाग पाइनचा, मार जेथे बसतो तेथे मेपल आणि जेथे बसत नाही तेथे स्वस्त लाकूड. खाटकाच्या आणि खानसाम्याच्या ठोकळ्याला मेपल पसंत पडतो तो त्याच्या बारीक रंध्रांमुळे आणि त्याला स्वतःचा वास किंवा चव नसल्यामुळे. स्टाइनवे कंपनीने १८८० मध्ये एकस्व घेऊन पियानोचा बाहेरचा वाकडा बांध एकसंध वाकविण्याची जी पद्धत रूढ केली, तीत मेपलचे लांब पातळ थर सरसाने जोडून एकदमच साच्याभोवती वळविले जातात. आणि व्हायोलिनची गोष्ट तर आपल्या मैफलींतील प्रत्येक श्रोत्याच्या जवळची आहे, जरी ती त्याला ठाऊक नसली तरी: पोट स्प्रूसचे, परंतु पाठ, कडा, मान आणि शेंड्यावरची गुंडी ही मेपलची, हा क्रेमोना शहरातील स्ट्राडिव्हारीच्या (मृत्यू १७३७) कारखान्यातला रिवाज आजही पाळला जातो. मिरजेच्या तंबोऱ्याची मान तुणीच्या लाकडाची का, याचे उत्तर जसे त्या लाकडाच्या हलकेपणात आणि स्थैर्यात आहे, तसेच व्हायोलिनच्या पाठीचे उत्तर मेपलच्या घट्टपणात आहे. त्या पाठीवर ज्या वाघाच्या पट्ट्यांसारख्या लाटा दिसतात, त्यांचा नाद मात्र डोळ्यांना ऐकू येतो, कानांना नव्हे.

या लाटांचा एक परिच्छेद पुरे. तंतू सरळ न जाता नागमोडी गेले म्हणजे पट्टे उमटतात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मेपलमध्ये गोधडीसारखे फुगवटे दिसतात. आणि शर्करा मेपलमध्ये क्वचित बारीक बारीक डोळे उठतात, ज्यांना पक्षिनेत्र म्हणतात आणि ज्यांचे कारण शास्त्रज्ञांना आजतागायत निश्चित सांगता आलेले नाही. हिमालयातही मेपलच्या कित्येक जाती आहेत, आणि त्यांच्या मुळांवर एका परजीवी वनस्पतीच्या वास्तव्याने ज्या गाठी उत्पन्न होतात, त्या कातून तिबेटी लोक पेले करीत, अशी नोंद जोसेफ हूकर याने १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिमालय-प्रवासवर्णनात केली आहे. झाडाचा रोग कारागिराचा अलंकार होतो, तो असा. पण अलंकाराचे लाकूड व्हिनिअरला योग्य. भार पेलणारे अवयव सरळ तंतूंचेच असावेत, याबद्दल दुमत नको.

सरळ तंतू म्हणजे किती सरळ, याचा जो खटला अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर चालला, तो प्रत्येक सुताराने अभ्यासण्यासारखा आहे. आपली क्रिकेटची बॅट विलोची, मऊ आणि हलकी. बेसबॉलची बॅट परंपरेने ॲशची. १९९७ च्या सुमारास ओटावा येथील एका सुताराने घडविलेली मेपलची बॅट नामांकित खेळाडूंच्या हाती गेली, आणि २००१ मध्ये बॅरी बाँड्झने मेपलच्याच बॅटीने एका हंगामात ७३ होमरनांचा विक्रम केल्यावर जो तो मेपल मागू लागला. थोड्याच वर्षांत दुसरी बाजू दिसली. ॲशची बॅट फुटताना चिरते, मेपलची मात्र दोन-तीन तुकडे होऊन अणकुचीदार भाल्यासारखी हवेत उडते. २००८ मध्ये चौकशी झाली, मॅडिसन येथील सरकारी वनोत्पाद प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी तुटलेल्या बॅटी तपासल्या, आणि मुख्य दोष निघाला तो तंतूंच्या तिरकसपणाचा: दांड्याच्या अक्षाशी तंतू तिरपे गेले की तडा त्याच उतारावरून धावतो. ॲशमध्ये हा उतार रंध्रांच्या रेघांवरून डोळ्यांना दिसतो. मेपलच्या अंगावर तशा ठळक रेघा नसल्यामुळे तज्ज्ञाची नजरही फसते. मग उपाय योजला तो इतका साधा की हसू यावे. दांड्यावर शाईचा एक थेंब टाकावयाचा. शाई बारीक नलिकांतून तंतूंच्या दिशेने सरकते आणि काळी रेघ उमटते. ती रेघ अक्षापासून तीन अंशांपेक्षा अधिक ढळली, तर बॅट बाद. या व अशाच नियमांनंतर तुकडे होऊन फुटण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. आमच्या वाचकांनी मेपलचा खुर्चीचा पाय, हातोडीचा दांडा किंवा जिन्याचा कठडा करावयास घेण्यापूर्वी हाच थेंब टाकून पाहावा. दौत घरात आहे, खर्च काहीच नाही.

हत्यारांच्या बाबतीत मेपल शिस्तीचा भोक्ता आहे. सागात वाळूसारखा अंश असल्यामुळे त्यात धार लवकर बोथट होते, पण बोथट धारेचे पाप साग आपल्या रेषांत पुष्कळ झाकून घेतो. मेपल धार त्या मानाने कमी खातो, पण उरलेल्या प्रत्येक ओरखड्याची नोंद आपल्या पांढऱ्या दप्तरात करून ठेवतो. यंत्राचे पाते बोथट असेल, किंवा कारागीर कामाच्या मध्ये क्षणभर थांबला, तर त्या जागी काळा करपल्याचा डाग पडतो, आणि आडव्या छेदावरचा असा डाग काढण्यात सबंध दुपार खर्ची पडते. म्हणून पाते तीक्ष्ण, गती एकसारखी आणि हात न थांबणारा असावा. लाटांच्या फळीवर रंधा उलट्या तंतूंत अडकून टवके उडवितो. तेथे पाते अगदी थोडे बाहेर ठेवावे, किंवा रंधा बाजूस सारून पातळ पोलादी पट्टीने पृष्ठ खरवडावे. स्क्रू आधी भोक पाडल्याशिवाय घालू नये, नाही तर लाकूड तडकेल किंवा पितळी स्क्रूची मान मोडेल. सरस चांगला बसतो. सागाचे तेल सरसाला जसे हटविते तसा प्रकार येथे नाही. रंगाच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी: घट्ट पृष्ठामुळे रंगद्रव्य एके ठिकाणी पिते, दुसऱ्या ठिकाणी पीत नाही आणि काम डागाळते. गडद रंगाची हौस असेल त्याने आधी लाखेच्या पॉलिशचा अगदी पातळ हात द्यावा. पांढरेपणाची हौस असेल त्याने तेल टाळून पाण्याच्या आधाराचे पारदर्शक रोगण लावावे. इतके करूनही ऊन-प्रकाशाने काही वर्षांत मेपल मधासारखा पिवळा होतो, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे.

आता त्या खड्ड्याची हकिगत. काही वर्षांपूर्वी ऐन चैत्रात एका स्नेह्याच्या मुंबईतील घरासाठी आम्ही कपाटाची दारे केली: चौकट सागवानी, मधले पॅनेल मेपलचे, ३०० मिलिमीटर रुंद, रंगसंगती अशी की पाहणाऱ्याने थबकावे. मेपल भट्टीत वाळवून ८ टक्के ओलाव्यावर आलेला. वेष्टन फोडले आणि आठवड्याच्या आत काम उरकले. खाचेत फुगण्यासाठी जागा ठेवली ती सागाच्या सवयीने, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साडेचार मिलिमीटर. आषाढ संपण्यापूर्वी स्नेह्याचे बोलावणे आले. दार मिटत नव्हते. पॅनेलने चौकटीच्या उभ्या पट्ट्या दोहों बाजूंस रेटल्या होत्या आणि आडव्या पट्टीचे कूस खाचेतून तीन-चार मिलिमीटर बाहेर डोकावत होते. सरस अभंग होता. तो ज्या सागवानाला चिकटला होता, त्याचीच सालपटे निघाली होती.

हिशेब आम्ही त्यानंतर केला, जो आधी करावयास हवा होता. सपाट चिरलेल्या शर्करा मेपलची रुंदी ओलाव्याच्या दर टक्क्यामागे सुमारे ०.३५ टक्क्यांनी बदलते, सागाची सुमारे ०.१९ टक्क्यांनी. पावसाळ्यात मुंबईच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि अशा हवेत लाकडाचा ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास जाऊन स्थिरावतो. म्हणजे ८ टक्क्यांची वाढ. ३०० मिलिमीटर मेपल त्यात साडेआठ मिलिमीटर फुगतो, तेवढाच साग साडेचार. आमची खाच सागाला बेताचीच होती आणि मेपलला निम्मी. तेच पॅनेल ओंडक्याच्या त्रिज्येच्या दिशेने चिरलेल्या फळीचे असते, तर वाढ चार मिलिमीटरांवर थांबली असती आणि दार मुकाट्याने मिटले असते. उत्तर अमेरिकेतील थंड देशांत हिवाळ्यात घरे उबवितात, हवा कोरडी होते आणि तेथील कारागिराला फटीची चिंता. आपल्याकडे चिंता फुगण्याची. त्यांच्या पुस्तकातील सल्ला आपण जसाच्या तसा उचलला, तर चूक पुस्तकाची नव्हे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. बाहेरच्या दारांना, खिडक्यांना, न्हाणीघराच्या आसपास, जमिनीलगतच्या चौकटींना मेपल वापरू नये. त्या जागी सागाला पर्याय शोधावयाचा असेल तर तो दुसरीकडे शोधावा. स्वयंपाकघरातील ठोकळा, लाटणे, सुताराचे बाक, मुलांची खेळणी, वाद्यांचे भाग, वातानुकूलित खोलीतील तक्तपोशी, खणांच्या आतील बाजू, जेथे हात किंवा पाय रोज घासतो आणि पाणी पोचत नाही, अशा सर्व ठिकाणी मेपल आपले मोल चुकते करील. मात्र त्यातील कातकामासाठी सातासमुद्रापलीकडचे लाकूड मागविण्यापूर्वी आपल्याच रानातील हेदाची आठवण ठेवावी. पिवळसर, बारीक आणि समान पोताचे हे लाकूड कातारी पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत आणि कापड गिरण्यांच्या बॉबिनींसाठीही ते चालत आले. विलायतेत जे काम मेपलकडे होते, ते येथे हेद करीत होता.

आमच्या व्यवसायबंधूंना शेवटी एकच विनंती. मेपलची पहिली फळी आणाल तेव्हा तिचा ३०० मिलिमीटर रुंदीचा एक तुकडा आणि तेवढाच सागाचा एक तुकडा कारखान्याच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगा. वैशाखात दोहोंची रुंदी मोजून पेन्सिलीने त्यांच्याच अंगावर लिहा, आणि श्रावणात पुन्हा मोजा. ते चार आकडे समोर आल्यावर हा प्रश्न आम्हांस टपालाने विचारण्याची आवश्यकता उरणार नाही.